तेरा मिनिटांचे अंतर : नोव्हेंबर १९३९ मधील म्यूनिकचा स्फोट आणि हिटलरविरहित जर्मनीचा प्रश्न

घडले तेवढेच सांगावे, न घडलेल्याची चर्चा करू नये, असा इतिहासलेखनाचा एक रूढ दंडक आहे. इ. एच. कार यांनी १९६१ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत ‘असे झाले असते तर’ या विचारपद्धतीची गणना दिवाणखान्यातील करमणुकीत केली, आणि त्यांच्या या उपहासाचा प्रभाव विद्यापीठीय अभ्यासावर दीर्घकाळ राहिला. तथापि हा दंडक सांगणारा इतिहासकारही तो नकळत मोडीतच असतो. माधवराव पेशव्यांच्या १७७२ मधील अकाली मृत्यूने मराठी राज्याची झालेली हानी पानिपतच्या हानीहून कमी नव्हती, असा अभिप्राय ग्रँट डफ याने दिला, तेव्हा माधवराव जगते तर राज्याची वाटचाल वेगळी झाली असती, हे अनुमान त्याने अध्याहृत धरलेच होते. एखाद्या घटनेला ‘कारण’ म्हणणे म्हणजे ती घटना वगळली असता परिणाम निराळा झाला असता असे म्हणणे होय. मॅक्स वेबर याने १९०६ मध्ये एडुअर्ड मायर या इतिहासकाराच्या मतांची चिकित्सा करताना मॅरेथॉनच्या लढाईच्या उदाहरणाने हाच मुद्दा मांडला आणि अशा विचाराला ‘वस्तुनिष्ठ संभाव्यता’ हे नाव दिले.

ही संभाव्यता स्वैर कल्पनेपासून वेगळी राखावयाची तर काही मर्यादा पाळाव्या लागतात. बदललेली घटना ही प्रत्यक्षात घडण्याच्या अगदी निकट आलेली असावी. तिच्या परिणामांचे अनुमान तत्कालीन व्यक्तींच्या उपलब्ध विचारांवर, आदेशांवर आणि संस्थांच्या रचनेवर आधारलेले असावे. आणि अनुमानाची साखळी जितकी लांबेल तितकी तिच्यावरील भिस्त कमी करीत जावे. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी म्यूनिक येथे झालेला बॉम्बस्फोट या तिन्ही कसोट्यांना उतरतो. हिटलर आणि मृत्यू यांच्यामध्ये त्या रात्री केवळ तेरा मिनिटांचे अंतर होते. ते अंतर नाहीसे झाले असते तर जर्मनीची वाटचाल कितपत बदलली असती, हा प्रश्न वस्तुतः एका व्यक्तीकडे किती जबाबदारी जाते आणि तिच्या भोवतीच्या राज्ययंत्रणेकडे किती, याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे.

घटना

१९२३ च्या फसलेल्या उठावाच्या स्मरणार्थ हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरच्या सायंकाळी म्यूनिकमधील ब्युर्गरब्रॉयकेलर या मद्यगृहाच्या सभागृहात जुन्या पक्षसहकाऱ्यांपुढे भाषण करीत असे. स्थळ, तिथी आणि वेळ ही तिन्ही आगाऊ निश्चित असलेला असा कार्यक्रम त्याच्या आयुष्यात दुर्मिळ होता. व्युर्टेम्बर्ग प्रांतातील गेऑर्ग एल्झर या सुताराने नेमकी हीच गोष्ट हेरली. त्याचा जन्म १९०३ चा. घड्याळाच्या कारखान्यातही त्याने काही काळ काम केले होते. तो कोणत्याही गुप्त मंडळाचा सदस्य नव्हता. १९३८ च्या शरद ऋतूत, म्हणजे म्यूनिक कराराच्या सुमारास, युद्ध अटळ आहे अशी त्याची खात्री झाली आणि ते टाळावयाचे तर राज्याचे नेतृत्व दूर करावे लागेल या निष्कर्षाप्रत तो आला.

त्याची तयारी वर्षभर चालली. त्या वर्षीच्या समारंभाच्या वेळी म्यूनिकला जाऊन त्याने सभागृह पाहिले. एका कारखान्यातून दारू आणि पुढे दगडाच्या खाणीत नोकरी धरून तेथून स्फोटके त्याने थोडथोडी करून जमविली. ऑगस्ट १९३९ मध्ये तो म्यूनिकला राहावयास गेला. रात्री मद्यगृह बंद होण्यापूर्वी तो वरच्या सज्जात लपून बसे आणि व्यासपीठामागील खांब पोखरीत राही. अशा तीस ते पस्तीस रात्री त्याने घालविल्या. स्फोटाची वेळ साधण्यासाठी त्याने दोन घड्याळांची यंत्रे जोडली आणि टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून आतून बुचाचे अस्तर लावले.

पूर्वीच्या वर्षांत हे भाषण साधारणतः साडेआठला सुरू होऊन दहाच्या सुमारास संपे. एल्झरने स्फोटाची वेळ नऊ वाजून वीस मिनिटे ठरविली, ती याच आधारावर. त्या वर्षी मात्र पश्चिमेकडील आक्रमणाचा निर्णय तोंडावर आल्यामुळे हिटलरला त्याच रात्री बर्लिनला परतणे आवश्यक होते. धुक्यामुळे विमानाचा भरवसा नव्हता, म्हणून नऊ एकतीसची आगगाडी पकडावयाची होती. भाषण आठला सुरू झाले आणि नऊ वाजून सात मिनिटांनी संपले. हिटलर व त्याच्यासमवेत आलेले पक्षनेते बाहेर पडले. नऊ वीसला खांब उडाला आणि छत कोसळले. आठ माणसे मेली. त्यांत मद्यगृहात काम करणारी एक स्त्री होती. साठांहून अधिक लोक जखमी झाले. एल्झरला त्यापूर्वीच, पावणेनऊच्या सुमारास, कोन्स्टान्स येथे स्वित्झर्लंडची सीमा ओलांडण्याच्या प्रयत्नात सीमारक्षकांनी पकडले होते.

दोन समकालीन अनुमाने

हिटलर नसता तर काय झाले असते, याविषयी दोन समकालीन मते उपलब्ध आहेत, आणि ती या विषयातील दोन प्रमुख व्यक्तींचीच आहेत.

पहिले मत एल्झरचे. गेस्टापोने बर्लिनमध्ये नोव्हेंबर १९३९ च्या तिसऱ्या आठवड्यात घेतलेल्या त्याच्या जबानीची प्रत १९६४ मध्ये अभ्यासकांच्या हाती आली आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत त्याच्याविषयी दोन समजुती प्रचलित होत्या. नाझी सरकारने त्याला ब्रिटिश गुप्तहेरांचा हस्तक ठरविले होते. युद्धोत्तर काळात उलट तो हिमलरच्या एस.एस. दलाचाच माणूस होता आणि स्फोट हा बनाव होता, असे सांगितले जाई. जबानीने या दोन्ही समजुती निराधार ठरविल्या. ही जबानी छळ सोसलेल्या कैद्याची आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते. तरीही तीतील एक विधान लक्षणीय आहे. हिटलर, गोअरिंग आणि गोबेल्स हे तिघे नाहीसे झाले तर नाझी सत्ता कोसळेल, असे एल्झरने म्हटलेले नाही. पक्ष आपल्या हातची सत्ता सोडणार नाही, हे त्याला मान्य होते. परकीय देशांवर हक्क न सांगणारी अधिक संयत माणसे पुढे येतील आणि आणखी रक्तपात टळेल, एवढीच त्याची अपेक्षा होती.

दुसरे मत हिटलरचे स्वतःचे. २२ ऑगस्ट १९३९ रोजी ओबरझाल्झबर्ग येथे सेनापतींपुढे बोलताना, सर्व काही आपल्या अस्तित्वावर अवलंबून आहे आणि एखादा गुन्हेगार किंवा वेडा मनुष्य आपणास केव्हाही नाहीसे करू शकेल, असे त्याने सांगितले. स्फोटानंतर पंधरा दिवसांनी, २३ नोव्हेंबर रोजी, त्याने तोच मुद्दा अधिक स्पष्टपणे मांडला. आपली जागा कोणी लष्करी वा मुलकी व्यक्ती घेऊ शकणार नाही, हत्येचे प्रयत्न पुन्हा होऊ शकतील, म्हणून निर्णायक पाऊल आताच उचलले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता.

मारू पाहणारा आणि मरणातून वाचलेला, दोघांचेही एका गोष्टीवर एकमत होते : युद्धाची गती एका माणसाच्या इच्छेशी बांधलेली आहे. हे एकमत कोठपर्यंत खरे आहे आणि कोठे ते अपुरे पडते, हे तपासणे हा येथील विषय आहे.

वारसाहक्काचा प्रश्न

१ सप्टेंबर १९३९ रोजी राइश्टागपुढे हिटलरने आपल्यानंतर गोअरिंग आणि त्याच्यानंतर हेस असा क्रम जाहीर केला होता. त्याहून पुढे वेळ आल्यास एका ‘सिनेट’ने नेता निवडावा असे तो म्हणाला, परंतु अशी सभा कधी स्थापनच झाली नाही. मंत्रिमंडळाची बैठक फेब्रुवारी १९३८ नंतर भरलेली नव्हती. ३० ऑगस्ट १९३९ रोजी नेमलेल्या संरक्षणविषयक मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद गोअरिंगकडे होते. हवाई दल आणि चातुर्वार्षिक योजना त्याच्या हाती होत्या, आणि फील्ड मार्शल म्हणून तो सैन्यातील सर्वोच्च श्रेणीचा अधिकारी होता. म्हणून गोअरिंग जिवंत राहिला असे धरले तर पहिल्या काही दिवसांत सत्ता त्याच्या हाती जाणे हे अनुमान जवळजवळ निश्चित म्हणता येते.

पद मिळणे आणि अधिकार मिळणे यांत मात्र भेद आहे. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष व चॅन्सेलर ही पदे एकत्र करण्यात आली आणि सैनिकांनी शपथ घेतली ती राज्याच्या वा घटनेच्या नावाने नव्हे, तर अॅडॉल्फ हिटलर या नावाने. ज्याच्या नावाने शपथ, तो नाहीसा झाला म्हणजे शपथेचे बंधनही सुटते. १९४४ मध्ये अनेक अधिकाऱ्यांना ज्या शपथेने अडविले, तीच १९३९ मध्ये एका रात्रीत निरर्थक झाली असती. गोअरिंगला सैन्याकडून नवी निष्ठा मागावी लागली असती आणि ती विनामूल्य मिळाली नसती. दुसरीकडे हिमलर आणि हायड्रिख यांनी स्फोटापूर्वी जेमतेम सहा आठवडे, २७ सप्टेंबर रोजी, गुप्त व गुन्हे पोलीस आणि पक्षाचे हेरखाते एका मुख्य कार्यालयाखाली आणले होते. नेत्याचे रक्षण करण्यात अपयश आलेले हे पोलीस दल दुबळे ठरले असते, की सूडाच्या नावाखाली अधिकच प्रबळ झाले असते, हे सांगणे कठीण आहे. हिटलरच्या राजवटीत परस्परांशी स्पर्धा करणारी अधिकारस्थाने मुद्दाम वाढू दिलेली होती आणि त्यांच्यातील वादांचा अंतिम निवाडा तो एकटा करी. निवाडा करणाराच गेला म्हणजे उरते ती स्पर्धा.

पश्चिमेकडील आक्रमण

व्यक्तीच्या अभावाचा सर्वांत निकटचा आणि सर्वांत खात्रीचा परिणाम लष्करी निर्णयावर दिसला असता. वॉर्सा शरण येताच हिटलरने फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड यांवर त्याच शरद ऋतूत चढाई करण्याचा मनोदय सेनाप्रमुखांना सांगितला. ९ ऑक्टोबरला त्याविषयीचा आदेश निघाला आणि १२ नोव्हेंबर हा दिवस मुक्रर झाला. या बेताला सैन्याच्या वरच्या वर्तुळात जवळपास सर्वत्र विरोध होता. सेनापती लेब याने लेखी टिपण पाठवून बेल्जियमची तटस्थता भंग करण्याविरुद्ध इशारा दिला. नाझी मतांबद्दल प्रसिद्ध असलेला राइखेनाउ हाही या बाबतीत विरोधकांत होता. पोलंडच्या मोहिमेनंतर दारूगोळ्याचा साठा अपुरा होता आणि रणगाड्यांची दुरुस्ती व्हावयाची होती. ५ नोव्हेंबर रोजी सरसेनापती ब्राउखिच याने हे आक्षेप हिटलरपुढे ठेवले, तेव्हा त्याला अशा संतापाला तोंड द्यावे लागले की तो हतबल होऊन परतला. झोसेन येथील सेनामुख्यालयातील वृत्तीचा आपण नायनाट करू, हे हिटलरचे उद्गार ऐकून, बेत फुटला अशा समजुतीने सेनाप्रमुख हाल्डर याने कटाची कागदपत्रे नष्ट करण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरला हवामानामुळे चढाई पुढे ढकलली गेली. पुढे ती वारंवार ढकलली जाऊन अखेर १० मे १९४० रोजी झाली.

स्फोट झाला तो या घटनांच्या तिसऱ्या दिवशी. त्या रात्री हिटलर मेला असता तर हिवाळ्यातील चढाईचा आग्रह धरणारी एकमेव निर्णायक व्यक्ती नाहीशी झाली असती, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. त्या बेताचा पाठपुरावा करणारा दुसरा कोणी सर्वोच्च वर्तुळात दिसत नाही. ब्राउखिच आणि हाल्डर यांना हिटलरविरुद्ध कृती करण्याचे धैर्य झाले नाही. परंतु त्याच्या पश्चात केवळ काही न करण्यासाठी धैर्याची गरज नव्हती. चढाईचा आदेश अमलात न आणणे एवढेच पुरे होते.

येथे एक गुंतागुंत विसरता येत नाही. नोव्हेंबरमधील मूळ योजना उत्तर बेल्जियमच्या वाटेने जाणारी आणि मर्यादित उद्दिष्टांची होती. मे १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव करणारी आर्देनच्या अरण्यातून मुसंडी मारण्याची योजना मानश्टाइनच्या आग्रहाने आणि हिटलरच्या अनुकूलतेने फेब्रुवारी १९४० मध्ये स्वीकारली गेली. म्हणजे ज्या विलंबाने सेनापतींना युद्ध टाळावयाचे होते, त्याच विलंबाने अखेर जर्मनीला विजयाची योजना मिळवून दिली. हिटलर नसता तर विलंब झाला असता, पण त्या विलंबाचा असा उपयोग करणारी जोखीम कोणी पत्करली असती, हे संशयास्पद आहे.

तहाची शक्यता

चढाई थांबली म्हणजे शांतता झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. ऑगस्ट १९३९ पासून गोअरिंग हा बिर्गर डालेरुस या स्वीडिश उद्योगपतीच्या मध्यस्थीने लंडनशी संपर्क ठेवून होता. ६ ऑक्टोबरचे हिटलरचे तहविषयक भाषण चेंबरलेन यांनी १२ ऑक्टोबरला फेटाळले, त्याचे एक मुख्य कारण हिटलरच्या शब्दावर विश्वास उरला नाही हे होते. ७ नोव्हेंबरला हॉलंडची राणी विल्हेल्मिना आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली होती. दुसऱ्याच दिवशी हिटलर नाहीसा झाला असता तर वाटाघाटींना निदान एक निमित्त मिळाले असते. पुढील हिवाळ्यात पोप बारावे पायस यांच्यामार्फत जर्मन विरोधकांशी जो गुप्त संपर्क झाला, त्यावरूनही हिटलरविरहित सरकारशी बोलण्याचा मार्ग लंडनने पूर्णपणे बंद केला नव्हता, हे दिसते.

परंतु अडचण माणसात होती तितकीच मागण्यांतही होती. राजदूत उलरिख फॉन हासेल हे हिटलरचे निष्ठावंत विरोधक होते आणि १९४४ मध्ये त्यांना फाशी झाली. त्यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये स्वित्झर्लंडमधील आरोझा येथे एका ब्रिटिश मध्यस्थाजवळ तहाच्या ज्या अटी दिल्या, त्यांत ऑस्ट्रिया व सुडेटनलँड जर्मनीकडेच राहावे आणि पोलंडशी असलेली सीमा सामान्यतः १९१४ च्या सीमेप्रमाणे असावी, असे म्हटले होते. सर्वांत सभ्य विरोधकाची भूमिका ही असेल, तर पोलंडच्या लुटीत स्वतः वाटेकरी असलेल्या गोअरिंगची भूमिका त्याहून उदार असण्याचा संभव नव्हता. ब्रिटन व फ्रान्स यांनी तलवार उपसली ती पोलंडसाठी, आणि पोलंडचा पूर्व भाग तोवर सोव्हिएत रशियाच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे तह अशक्य नव्हता, पण तो झाला असता तर त्याची किंमत वाटाघाटीच्या मेजावर जागा नसलेल्या पोलंडने दिली असती. अधिक संभवनीय चित्र आहे ते न तह न लढाई अशा लांबलेल्या कोंडीचे : पश्चिमेस शांत आघाडी, समुद्रावर नाकेबंदी आणि कच्च्या मालासाठी रशियावर वाढते अवलंबन.

शिवाय तह करू पाहणाऱ्या गोअरिंगच्या मार्गात हिटलरचा मृत्यूच उभा राहिला असता. ९ नोव्हेंबर रोजी हॉलंडच्या सीमेवर फेन्लो येथे बेस्ट आणि स्टीव्हन्स या दोन ब्रिटिश गुप्तहेर अधिकाऱ्यांना जर्मनांनी पळवून नेले आणि पुढे स्फोटाशी त्यांचा संबंध जोडला. हिटलर वाचला असतानाही हा आरोप देशभर पसरविला गेला. तो मेला असता तर ज्या राष्ट्राला नेत्याचे मारेकरी म्हटले, त्याच्याशीच बोलणी करणाऱ्या वारसाला राष्ट्रद्रोहाचा ठपका सोसावा लागला असता. १९१८ च्या पराभवानंतर ‘पाठीत खंजीर’ ही दंतकथा ज्या देशात रुजली, तेथे विजयाच्या भरात मारल्या गेलेल्या नेत्याची दंतकथा त्याहून खोल रुजली असती. स्फोटानंतर म्यूनिकच्या मुख्य चर्चमध्ये ईश्वराचे आभार मानण्याची प्रार्थना झाली, आणि नेत्याविषयीचे प्रेम वाढल्याचे हेरखात्याच्या गुप्त अहवालांतच नमूद आहे. ज्या जनतेने पराभवाची चव अद्याप घेतली नव्हती, तिच्या दृष्टीने हिटलर हा अपयशी हुकूमशहा नव्हे, तर हुतात्मा ठरला असता.

जे बदलले नसते

व्यक्तीचा प्रभाव जेथे संपतो ती सीमा पोलंडमध्ये दिसते. स्फोटाच्या दोनच दिवस आधी, ६ नोव्हेंबर रोजी, क्राकोच्या विद्यापीठातील अध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून त्यांपैकी १८० हून अधिक जणांना अटक करण्यात आली आणि पुढे त्यांची रवानगी साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत झाली. ७ ऑक्टोबरपासून हिमलरकडे पूर्वेकडील वसाहतीकरणाचे विशेष अधिकार होते. हान्स फ्रांक याचा कारभार २६ ऑक्टोबरला सुरू झाला होता. ज्यूंना वेगळ्या वस्त्यांत कोंडण्यास प्रारंभ झाला होता, आणि पोमेरानिया व व्यापलेल्या पोलंडातील मनोरुग्णांची हत्या एस.एस. तुकड्यांनी आरंभिली होती. या प्रत्येक कृत्याला हिटलरची संमती होती. परंतु प्रत्येकासाठी एक कार्यालय, एक अधिकारी आणि एक अंदाजपत्रकही निर्माण झाले होते. सेनापती ब्लास्कोविट्झ याने त्याच महिन्यात पोलंडमधील अत्याचारांविरुद्ध लेखी तक्रार केली, हे खरे. हिटलरने ती तुच्छतेने झिडकारली. नव्या राजवटीत अशा तक्रारीला कदाचित कान मिळाला असता. पण ती तक्रार करणारे सेनापती थोडे होते आणि गप्प राहणारे पुष्कळ.

वारसाच्या बाबतीतही भ्रम नसावा. १२ नोव्हेंबर १९३८ च्या बैठकीत जर्मन ज्यूंवर शंभर कोटी मार्कांचा दंड बसविणारा अध्यक्ष गोअरिंगच होता. त्या बैठकीमागील प्रसंग तर अधिक बोलका आहे. पॅरिसमधील एक कनिष्ठ जर्मन राजनैतिक अधिकारी गोळी लागून ९ नोव्हेंबर १९३८ रोजी मरण पावला, एवढ्या निमित्ताने त्याच रात्री देशभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे यांवर हल्ले झाले. जवळजवळ एका वर्षाने म्यूनिकचा प्रयत्न फसला, तेव्हाही दुसऱ्या दिवशी बुखेनवाल्डच्या छावणीत एकवीस ज्यू कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या मृत्यूची आणि एका फसलेल्या प्रयत्नाची किंमत जर ही, तर सफल झालेल्या प्रयत्नानंतरचे पहिले आठवडे कसे गेले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. हुकूमशहाच्या मृत्यूबरोबर दडपशाहीही संपते, हे सुखद गृहीतक येथे पुराव्याच्या विरुद्ध जाते.

तरीही दूरच्या परिणामांत एक मोठा भेद संभवतो. युरोपीय ज्यूंच्या सर्वंकष संहाराचे धोरण सिद्ध झाले ते २२ जून १९४१ रोजी सुरू झालेल्या रशियावरील आक्रमणाच्या ओघात. ते आक्रमण फ्रान्सच्या पाडावावाचून शक्य नव्हते, आणि इंग्लंडशी युद्ध चालू असता पूर्वेस दुसरी आघाडी उघडण्याचा निर्णय हिटलरच्या विचारसरणीशी आणि घाईशी निगडित होता. पश्चिमेकडील विजय नसता तर रशियावरील स्वारी नसती. ती नसती तर त्या प्रमाणावरील संहाराला लागणारा प्रदेश, आडोसा आणि उन्माद ही एकत्र आली नसती. हे अनुमान तर्कसंगत आहे. पण ते चार-पाच दुव्यांचे आहे आणि प्रत्येक दुव्यागणिक त्याची खात्री उणावते. स्टालिन काय करता, अमेरिकेची भूमिका काय राहती, लांबलेल्या नाकेबंदीत जर्मन सैन्य केव्हा अधीर होते, या प्रश्नांना उत्तर देण्यास कोणताही कागद साहाय्य करीत नाही. येथे इतिहासाने थांबावे आणि पुढचा प्रांत कादंबरीकाराकडे सोडावा.

निष्कर्ष

सारांश, नोव्हेंबर १९३९ मध्ये हिटलर मारला गेला असता तर जर्मनी नाझी राहिली असती, पण निर्णयाला मुकली असती. काही दिवसांच्या अंतरावरचे अनुमान खात्रीचे आहे : त्या हिवाळ्यात पश्चिमेवर चढाई झाली नसती. काही महिन्यांच्या अंतरावरचे अनुमान संभवनीय आहे : सत्तास्पर्धा, लांबलेली कोंडी आणि पोलंडच्या जिवावर तह करण्याचे प्रयत्न. काही वर्षांच्या अंतरावरचे अनुमान केवळ शक्यतेच्या कोटीत राहते. एल्झरने बांधलेला अंदाज या मोजमापाशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो. पक्षाची सत्ता जाणार नाही, पण रक्तपाताचा वेग थांबेल, एवढेच त्याने मानले होते. त्याची चूक झाली ती वारसांच्या संयमाविषयी.

या विवेचनातून जबाबदारीचा प्रश्नही अधिक नेमका होतो. युद्धोत्तर काळात अनेक सेनापतींनी आणि अधिकाऱ्यांनी सर्व दोष मृत हुकूमशहाच्या माथी मारला. हिटलर वगळून मांडलेल्या हिशेबात पश्चिमेकडील आक्रमणाचा आग्रह नाहीसा होतो, पण क्राकोची अटक, पोलंडमधील कत्तली आणि ज्यूंवरील दंड ही तशीच उरतात. जे उरते ते इतरांच्या नावे लिहावे लागते.

दुसरीकडे कृती आणि विचार यांतील अंतरही येथे उघड होते. त्याच आठवड्यात परराष्ट्र खात्यातील एरिख कोर्ट हा हिटलरवर बॉम्ब टाकण्यास सिद्ध झाला होता. परंतु म्यूनिकच्या स्फोटानंतर स्फोटकांवरील देखरेख इतकी कडक झाली की कर्नल ओस्टर यांना ती त्याला पुरविता आली नाहीत. ज्यांना सैन्य, हेरखाते आणि परराष्ट्र खाते उपलब्ध होते, ते सल्लामसलतीत राहिले. ज्याला करवत, पटाशी आणि दोन घड्याळे एवढेच उपलब्ध होते, त्याने काम जवळजवळ तडीस नेले. त्याच्या हातून निरपराध माणसेही मेली, ही गोष्ट कोणत्याही गौरवाने झाकता येणार नाही.

९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास एक महिना उरला असताना, डाखाउच्या छावणीत एल्झरला गोळी घालून ठार करण्यात आले. त्याच दिवशी फ्लॉसेनब्युर्ग येथे ओस्टर आणि लष्करी हेरखात्याचा माजी प्रमुख कानारिस यांना फाशी देण्यात आली. साडेपाच वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी निरनिराळ्या वाटांनी शोधले होते, त्याचे उत्तर तोपर्यंत युरोपातील कोट्यवधी मृतांनी दिले होते.